कुत्र्याच्या छत्रीखाली अख्खी सोसायटी

पावसाळ्यात परसात उगवली की आजी जिला काठीने उडवायची, ती कुत्र्याची छत्री आता काकूंच्या कॉफीत पोहतेय! विचारायला जा, काकू बशी खाली ठेवून गंभीरपणे सांगतात, "अरे, त्यात पॉलिसॅकराइड्स असतात." घ्या! ज्या माउलीने दहावीनंतर रसायनशास्त्राला कायमचा रामराम ठोकला, तिच्या तोंडी पॉलिसॅकराइड? कलियुग म्हणतात ते हेच का?

आणि हे पॉलिसॅकराइड म्हणजे असं काय मोठं? साखरेच्या रेणूंची लांबलचक माळ! भातातला स्टार्च तीच, कपाशीतलं सेल्युलोज तीच. सगळा रुबाब गाठ कुठे आणि कशी मारली त्यावर. अळंबीतल्या पॉलिसॅकराइडात, म्हणजे बीटा-ग्लुकानात, ग्लुकोज १-३ जोडाने ओवलेलं, मधूनमधून १-६ जोडाच्या फांद्या. शिताके अळंबीतल्या लेंटिनानची तर चक्क तीन पेडी वेणी! आपल्या काही पांढऱ्या पेशींवर डेक्टिन-१ नावाचा पहारेकरी असतो. ही ओवणी दिसली की 'बुरशी घुसली' म्हणून तो शिट्टी फुंकतो. म्हणजे आपण पदरचे पैसे मोजून स्वतःच्याच वॉचमनला चोर आल्याची खोटी वर्दी देतो. हौसेला मोल नाही म्हणतात ते उगीच नाही.

जपानने हे प्रकरण मन लावून तपासलं. १९६९ मध्ये गोरो चिहारा यांच्या गटाने लेंटिनानने उंदरांच्या गाठी आटल्याचं दाखवलं. पुढे जठराच्या कॅन्सरवर केमोथेरपीच्या जोडीला तिथे ते मान्यही झालं. पण दिलं कसं? सुईने, शिरेतून, डॉक्टरांच्या नजरेखाली! खारी बुडवून नव्हे हो.

पण क्लबहाउसातल्या शनिवारच्या मीटिंगला हे कोण सांगणार? तिथे टायवाला गडी आधी गुडघेदुखी बरी करतो, मग शुगर, मग आपल्याखाली सहा माणसं जोडायला लावतो. त्याचा हुकमाचा पत्ता म्हणजे गॅनोडर्मा, चिन्यांची लिंगझी. याच गॅनोडर्माच्या गोतातली बुरशी नारळाच्या बुंध्याला लागली की बागायतदार कपाळाला हात लावतो. आपण मात्र तिचे डबे हप्त्याने घेतो! 'कडू लागते म्हणजे गुणाची' ही आणखी एक समजूत. अहो, तो कडूपणा ट्रायटर्पीन्सचा, तुमच्या लाडक्या पॉलिसॅकराइडचा नव्हेच! आणि २०१६ च्या कॉक्रेन आढाव्याने कॅन्सरवरचा मुख्य उपचार म्हणून गॅनोडर्मा वापरायला पुरेसा पुरावा नाही असं म्हटलं, तर त्याला आपले लोक काय म्हणतात? "कंपन्यांचा कट!"

कहर केला तो आमच्या मजल्यावरच्या निवृत्त विज्ञानाच्या सरांनी. दुसऱ्याच एका कंपनीच्या डब्यातली चमचाभर पूड उकळली, गार केली आणि वर बेटाडीनचे दोन थेंब सोडले. वाटी निळीकाळी! बटाट्याच्या कापावर होते ना, अगदी तश्शी. कारण उघड आहे. काही कारखान्यांत बुरशीचे तंतू धान्यावर वाढवतात आणि धान्यासकट दळतात. स्टार्चही पॉलिसॅकराइडच, त्यामुळे डब्यावरचा टक्केवारीचा आकडा शंभर नंबरी खरा! आहे की नाही गंमत? तांदूळ घरात असताना आपण तांदळाचंच पीठ औषधाच्या भावाने आणत होतो.

सर पेटले, सोसायटीच्या ग्रुपवर वाटीचा फोटो टाकला. त्याखाली बावीस अंगठे पडले. त्यातले निदान पंधरा अंगठे कपाच्या कानातून काढून दाबलेले असणार, आपल्याला काय माहीत नाही?

आणि सर? परवा त्यांच्याकडे साखर मागायला गेलो, तर ओट्यावर तोच डबा, निम्मा रिकामा.

"टाकून कशाला द्यायचा?" सर पुटपुटले. "पैसे मोजलेत." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "तुमचा कुठवर आलाय?"