पोच मिळाली?

ट्रायपॉडकाका तुमच्याही ओळखीत असतीलच. त्यांच्याबरोबर जुनी इमारत बघायला कधीही जाऊ नये. बोरीबंदरसारखी, 1888 साली पुरी झालेली स्टीव्हन्ससाहेबाची इमारत समोर असते. लोक माना वर करून दगडी मोर-माकडं बघतात आणि आमचे काका 'ट्रायपॉडला मनाई' असा फलक कुठे आहे का, ते शोधतात. शेजारच्या जीपीओत गेलो, तर गोल घुमटाची आठवण करून देणारा तो घुमट राहिला बाजूला. अंधुक उजेडात शटर किती सेकंद उघडं ठेवावं लागेल आणि हात कसा हलेल, यावर व्याख्यान.

एरवी सगळं जग मोबाइल उंचावून फोटो काढतं, वॉचमन जागचा हलत नाही. काकांनी तिवईचे पाय उघडले की धावत येतो. दोन पायांवरचा माणूस पर्यटक. आणखी तीन जोडले की शूटिंग!

काका भांडत नाहीत. "नाही म्हणताय ना? तेवढं लेखी द्या," म्हणतात. लेखी कोण देतो?

एका सरकारी इमारतीतल्या वळणदार जिन्यावर त्यांचा जीव जडला. अर्ज केला. तिथला छापील नमुना सिनेमावाल्यांसाठीचा. काकांनी तोही मनोभावे भरला. वाहने : निरंक. जनरेटर : निरंक. कलाकार : जिना.

"परवानगी मिळाली का?" मी विचारलं.

"नाही. पण पोच मिळाली!" आणि शिक्का मारलेली दुय्यम प्रत अशी दाखवली, की जणू नातवाचा फोटो. पुढे स्मरणपत्र, त्याची पोच. मग दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज, त्याचीही पोच. तीस दिवसांच्या आत उत्तर आलं : प्रकरण विचाराधीन आहे. काका खूश, आता जावक क्रमांकही मिळाला होता. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो, तर माझ्याकडच्या दुसऱ्या पत्रिकेवर 'मिळाली' लिहून, सही-तारीख करून मला परत दिली. माणूस हाताबाहेर गेला होता.

शेवटी परवानगी आली. वेळ एक तास, कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली. पिशवी धरायला अर्थातच मी. काकांनी लेन्सवर काळी काच चढवली आणि शटर तीस सेकंद उघडं ठेवलं. तेवढ्यात जिन्यावरून शिपाई गेले, फायली गेल्या, दोन साहेब गेले. फोटोत त्यांतलं कोणी उमटलं नाही. चालतं माणूस इतक्या वेळात पुसलंच जातं. उमटला तो फक्त वळणावर स्टुलावर बसलेला वॉचमन. आमच्यावर लक्ष ठेवता ठेवता त्याला डुलकी लागली होती. त्याच्या चपलेचा तुटका अंगठा दोऱ्याने बांधलेला होता. तोसुद्धा स्वच्छ दिसत होता.

वेळ शिल्लक होता. त्याला बाजूला बसवून दुसरा फोटो काढता आला असता. काकांनी तिवई मिटली. या माणसाबद्दल मला काही बरं वाटलं असेल तर ते त्या क्षणी, आणि तेही नाइलाजाने.

आठवड्याने काका मोठा प्रिंट घेऊन गेले. वॉचमनने तो बराच वेळ न्याहाळला.

"आणि साहेबलोक कुठं गेले?"

"थांबलं नाही कोणी," काका म्हणाले आणि पिशवीतून एक कागद काढला. "फोटो मिळाला म्हणून इथं सही करा. खाली तारीख."