राजांची जात

सीमाभागात माणसाला भाषा विचारतात आणि कुत्र्याला जात. भाषेचं उत्तर आम्हा निपाणीकरांना पाठ आहे. जातीचं मात्र मला ऐन वेळी जुळवावं लागलं.

कुत्रं सापडलं भर पावसात, तंबाखूच्या वखारीमागं. रंग वाळल्या पानाचा, पाय लांबडे, पोट पाठीला गेलेलं. तंबाखूची धूळ नाकात जाऊन शिंकांवर शिंका देत होतं. घरी आणलं तर शेजारचे काका दारातच. "कसलं वो हे?"

"मुधोळ!" मी ठोकून दिलं.

एकदा सुटलो की मी थांबत नाही. बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ संस्थान, तिथले मालोजीराजे घोरपडे, त्यांनी पंचम जॉर्जला भेट दिलेली जोडी, 2005 सालचं टपाल तिकीट, 2016 मध्ये लष्करी प्रशिक्षणासाठी मेरठला गेलेली कुत्री... सगळी वंशावळ काकांनी उभ्यानं ऐकली. साहजिकच नाव पडलं राजे.

महिन्याभरात राजे अंगानं भरले आणि शेपूट चकलीसारखं वर वळलं. मुधोळचं असं वळत नाही. "वयानं सरळ होईल," मी म्हटलं. "नळीत घालून बघा की," बायको म्हणाली. त्यात ससे पळवून धरणाऱ्या वाणाचे आमचे राजे गल्लीतली कोंबडी दिसली की माझ्या लेंग्यामागं दडायचे.

28 सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिनी, गुरांच्या दवाखान्यात मोफत लस होती. डॉक्टरांनी कागद पुढं ओढला. "जात?"

"मुधोळ."

त्यांनी एकदा शेपटाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि 'देशी' लिहिलं. सुई निघाली. "आमचे राजे घाबरत नाहीत," असं म्हणत मी दोन्ही हातांनी त्यांचं तोंड धरलं. पुढच्या क्षणी राजे टेबलाखाली होते आणि त्यांचा सुळा माझ्या अंगठ्यात.

नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुऊन सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभा राहिलो.

"कोण चावलं?"

"राजे," सवयीनं तोंडातून गेलं.

"नाव नको, जनावर सांगा."

राजांचं एका सुईवर भागलं. माझ्या कागदावर दिवस पडले 0, 3, 7, 14 आणि 28. काका धावत समाचाराला आले. "पोटात चौदा ना?" ती पद्धत केव्हाच गेली, आता दंडात देतात, हे ऐकून त्यांचा चेहरा पडला.

डॉक्टरांनी बजावलं होतं, कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. प्रत्यक्षात राजांनीच माझ्यावर पहारा बसवला. मी न्हाणीत गेलो की दाराच्या फटीतून काळं नाक आत यायचं आणि बाहेर येईपर्यंत तिथंच फुरफुरायचं. रात्री मी कूस बदलली की खाटेखाली शेपूट फरशीवर आपटायचं. दंड ठणकायचा, पण इतकी काळजी आमच्या घरात माझी आजवर कुणी केली नव्हती. बायको चहा देताना विचारायची, "राजे जेवले का?"

हल्ली कुणी जात विचारली की मी बेधडक सांगतो, "निपाणी हाउंड." लंडनच्या राजवाड्यातून अजून मागणी आलेली नाही. आली तरी जोडी पाठवता येणार नाही. राजांची नसबंदी झालीय.