अनिच्चभाऊ

यवतमाळ जिल्ह्यात तालुके 16, आणि कोणत्याही तहसील कचेरीत जा, एखादे अनिच्चभाऊ भेटतातच. पद महसूल सहायक, वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, टेबलावर फायलींचा ढीग आणि ढिगाआड अर्धवट मिटलेले डोळे. नवखा माणूस म्हणेल, साहेब झोपले. साहेब झोपलेले नसतात. ते श्वास पाहत असतात.

धामणगावहून गाडी धरून भाऊ इगतपुरीच्या धम्मगिरीला जाऊन आले आहेत. पहाटे चारची घंटा, मोबाईल जमा, तोंडाला कुलूप, आणि 10 दिवसांच्या शिबिराला शुल्क शून्य. शिवाय शासनाची कृपा अशी की विपश्यनेला 14 दिवसांची परावर्तित रजा मिळते, 3 वर्षांतून एकदा, अख्ख्या नोकरीत 6 वेळा. शिबिरातली गोएंका गुरुजींची प्रवचनं भाऊंना तुटक आठवतात. हा रजेचा जीआर मात्र तोंडपाठ आहे.

माणूस बदलला, हे कबूल करायला हवं. पूर्वी ते खेकसायचे. आता शेतकऱ्याला खुर्ची देतात, पाणी मागवतात. (पाणी येतंही.)

"साहेब, सातबाऱ्यावर माह्या बापाचं नाव चुकलं हाये जी. कलम 155 चा अर्ज देऊन दोन सालं झाले."

"बाप्पा, नावाचं काय घेऊन बसला? अनिच्च! चुकीचं असो की बरोबर, येते आन् जाते."

"कवा जाते जी?"

यावर भाऊ नुसते हसतात. पीककर्जासाठी बँकेनं सांगितलेली तारीख काही अनिच्च, म्हणजे अनित्य, नसते, हे शेतकऱ्याला शिबिराला न जाता कळलेलं असतं.

त्यात 2020 साली केंद्राचं मिशन कर्मयोगी निघालं आणि सरकारी नोकराच्या मनाची मशागत सुरू झाली. एका प्रशिक्षणात कॅरल ड्वेक नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंचा ग्रोथ माइंडसेट सांगितला गेला. 'मला जमत नाही' म्हणू नका, 'अजून जमलं नाही' म्हणा. इतर लोक जेवणाच्या सुटीची वाट पाहत होते. भाऊंनी मात्र हे जागच्या जागी आत्मसात केलं. तेव्हापासून 'फाईल निघाली नाही' असं ते कधीच म्हणत नाहीत. 'अजून निघाली नाही' म्हणतात. संगणकही ते अजून शिकताहेत. वाढ झाली ती ढिगाची.

कचेरीतल्या शिपाईबाई दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जाणाऱ्या. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' त्यांच्या घरी वाचला जातो. सगळं नाशवंत आहे हे सांगताना बुद्धानं त्याच दमात आळस करू नका असंही सांगितलं, हे त्यांना पक्कं ठाऊक. एकदा चहाचा कप ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "भाऊ, अष्टांगिक मार्गातला सम्यक व्यायाम राहूनच गेला जी तुमचा."

"राहिला कसा?" भाऊ म्हणाले. "रोज सकाळी फिराले जातो न मी!"

मग पदोन्नतीसाठी ज्येष्ठता यादी लागली. भाऊंचं नाव दोन घरं खाली, तेही आडनावातला काना खाऊन. भाऊंचे डोळे टक्क उघडले. इतके मोठे डोळे या माणसाला आहेत, हे कचेरीला त्या दिवशी कळलं. साडेअकराला आक्षेप तीन प्रतींत तयार, साडेबाराच्या एसटीनं भाऊ यवतमाळला, कलेक्टर कचेरीच्या आस्थापना शाखेत.

तिथे फायलींच्या ढिगाआड एक गृहस्थ डोळे मिटून बसले होते. त्यांनी भाऊंना खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"घाई काहून करता, भाऊ? यादी तात्पुरती हाये. वरच लिहिलं हाये न, तात्पुरती. म्हणजे अनिच्चच झालं."

दुसऱ्या दिवशी भाऊंनी 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला. त्यात 'मुदत 30 दिवस' हे शब्द लाल शाईनं दोनदा अधोरेखित केले होते.