सहा सतरा चुकेल

मुंबईच्या नोकरदाराचा खरा कैवारी कुठली संघटना नव्हती, रेल्वेचं वेळापत्रक होतं. "साहेब, निघतो, सहा सतरा चुकेल," एवढं म्हटलं की कितीही खडूस साहेब गप्प व्हायचा. सहा सतरा चुकली की पुढची फास्ट खचाखच भरून येणार, चौथी सीट सोडाच, आत पाय ठेवायला जागा नाही, शिवाय ग्रुपमधले पत्ते आणि भजन बुडणार, हे त्यालाही ठाऊक असायचं. बिचारा स्वतः सहा बत्तीसचा असायचा. फाइल अर्धी टाकून माणूस उठे आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नसे.

आता आमच्याकडे फ्लेक्सी टायमिंग आलं आहे. काही दिवस घरून, उरलेले दिवस केव्हाही या, केव्हाही जा, काम झाल्याशी मतलब. यातले शेवटचे तीन शब्द सगळ्यांनी टाळ्यांच्या गजरात ऐकले, त्यामुळे नीट ऐकलेच नाहीत.

फायदे आहेतच. डोंबिवलीहून सकाळची गाडी ज्याने दारात लोंबकळून केली आहे, त्याला ते समजावून सांगायला नकोत. खुद्द मध्य रेल्वेने २०२३ मध्ये आपल्या मुंबईतल्या मुख्यालयाच्या कामाच्या वेळा दोन पाळ्यांत विभागल्या आणि इतर ऑफिसांनाही वेळा बदलायची विनंती केली. ज्या रेल्वेने आम्हाला घड्याळाला बांधलं, तीच आता म्हणते, बाबांनो, सगळे एकदम येऊ नका! शेजारच्या वहिनी सासूबाईंना रजा न टाकता सकाळी अकराला फिजिओथेरपीला नेतात. आणि मी दुपारी गरम पोळी खातो. डब्यातली पोळी घडीवरच तुटायची, ही वाफेने फुगलेली असते. एवढ्यासाठी माणूस बरंच सोसतो.

सोसावं लागतं ते असं. राज्य सरकारने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा केला, तेव्हा त्या बदल्यात रोजचं काम पाऊण तासाने वाढवलं. (महिना उलटायच्या आत लॉकडाऊन लागलं आणि बहुतेकांचे सातही दिवस घरातच गेले, ते वेगळं.) पण तो हिशेब निदान कागदावर होता. आमच्या ऑफिसने एक मिनिटही वाढवलं नाही. फक्त सुटायची वेळ काढून टाकली.

नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांसाठी सभा घेत, अर्ज करत वर्षानुवर्षं झगडले, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आमच्याकडे रविवारी सकाळी 'क्विक कॉल' येतो आणि मिसळीवर तर्री ओतता ओतता आम्ही "हो सर, बघतो" म्हणतो. हा रविवार कुणी हिसकावला नाही. आम्हीच अंगठ्याचं चित्र टाकून देऊन टाकला.

आमच्या घरात कामाचे नियम पक्के आहेत ते एकट्या पोळ्यांच्या मावशींचे. सव्वाआठला आमच्याकडे, नऊला तिसरा मजला, मग बी विंग. महिन्याला दोन खाडे, दिवाळीला एक पगार, पाहुणा वाढला की पैसे वेगळे. सगळं तोंडी, पण माझ्या नेमणूकपत्रात इतकं स्पष्ट काही नाही. घरी बसून काम करणाऱ्या पुरुषावर त्यांचा विश्वास नाही. "दादा, आज पण सुट्टी?" असं विचारतात, मी हेडफोन दाखवतो, त्या मान हलवतात. एकदा म्हटलं, "मावशी, सव्वाआठला माझा कॉल असतो, जरा उशिरा आलात तरी चालेल."

"तुमचं चालंल हो, तिसऱ्या मजल्याचं कोण बघणार?" म्हणत त्यांनी परातीत पाणी ओतलं.

परवा रात्री आठच्या सुमाराला अचानक पाहुणे आले. मावशींना फोन केला, येता का जरा? "आता नाही दादा, माझं काम सहाला सुटतं. आता मालिका लागलीय," म्हणाल्या आणि फोन ठेवला. माझी मीटिंग चालूच होती. तशीच कानात घालून खाली उतरलो आणि कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रासमोर रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढचे दोघेही म्यूटवर होते.