नानांचं रेणूपुराण

मंडईत नानांबरोबर जाऊ नये. मी एकदा गेलो होतो. त्यांनी एक जांभळं वांगं उचललं, उन्हात फिरवलं आणि म्हणाले, “अँथोसायनिन बघ कसं चकाकतंय!” भाजीवाली म्हणाली, “वांगंय ते. घ्यायचं तर घ्या, दाबू नका.”

नाना बँकेतून निवृत्त झाले, पण खतावणी काही सुटली नाही. एका जुन्या डायरीत पानाच्या मधोमध रेघ: डावीकडे जमा, उजवीकडे नावे. पालकाला ल्युटीन जमा, ऑक्सलेट नावे. चहाला कॅटेचिन जमा, टॅनिन नावे. जेवणावर लगेच घेतला तर अन्नातलं लोह अडतं ना! म्हणून जेवणानंतर तासभर नाना घरात चहाला शिवत नाहीत. तो तास ते आमच्याकडे काढतात. आमच्याकडचा चहा डायरीत चढत नाही. तरीही एकाही भाजीचं खातं आजवर जुळलेलं नाही.

हळद हा त्यांचा हळवा विषय. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेने 1995 साली देऊन टाकलं आणि माशेलकरांच्या सीएसआयआरने झगडून 1997 मध्ये ते रद्द करवलं, ही हकिगत नाना अशी सांगतात, की त्या अर्जाला तिकीट यांनीच चिकटवलं असावं. मग येतो बेंगळुरूचा 1998 चा प्रयोग. नुसतं कर्क्युमिन अंगी फारसं लागत नाही. दोन ग्रॅमबरोबर मिऱ्यातलं 20 मिलिग्रॅम पिपरिन दिलं, तर रक्तात वीसपट उतरलं. हे वाचल्यावर नानांनी हिशेब मांडला. हळदीत कर्क्युमिन धरा तीन टक्के, म्हणजे दोन ग्रॅमसाठी हळद हवी सदुसष्ट ग्रॅम. “वरणात एवढी घालशील का?” काकूंनी चमचा खाली ठेवला. “त्यापेक्षा जेजुरीला जा. भंडारा उधळतात तिथे तोंड उघडून उभे राहा.”

पण खरी गंमत बिटाची. त्यात नायट्रेट असतं, त्याने रक्तदाब जरा उतरतो, एवढं कळल्याबरोबर रोज सकाळी पेलाभर रस सुरू झाला. तिसऱ्या दिवशी पहाटे सहाला फोन. पलीकडून एकच शब्द: “लाल!” मी शर्टाची बटणं लावतच धावलो. रिक्षात नाना मृत्युपत्राबद्दल बोलत होते, लॉकरची किल्ली कुठल्या डब्यात आहे तेही सांगून झालं (डाळीच्या. बहुधा फायटेट मोजताना ठेवली असावी). डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “काल काय प्यायलात?” बिटाचा लाल रंग काहींच्या पोटात पुरता मोडत नाही, तसाच लघवीवाटे बाहेर पडतो, घाबरण्यासारखं काही नाही. या प्रकाराला बीट्यूरिया म्हणतात, हेही डॉक्टर बोलून गेले. तिथेच चुकलं. नाव मिळताच नाना ताठ बसले. संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगला कळलं होतं. “सगळ्यांना होत नाही हो,” ते लिफ्टमध्ये सांगत होते, पद्मश्री मिळाल्यासारखे.

एका बाबतीत मात्र मी त्यांना हसत नाही. बागेबाहेरच्या रसवाल्याकडे ते प्रत्येक दुधीची चकती आधी चावून बघतात आणि कडू लागली की थुंकून अख्खा दुधी फेकायला लावतात. कडू दुधीतल्या कुकुर्बिटॅसिनने रक्ताच्या उलट्या होतात, माणसं दगावलीही आहेत. काकूही चिरताना तेच करतात, फक्त नाव न घेता.

परवा एका लग्नात नानांची तिसरी वाटी श्रीखंड चालू होती. मी म्हटलं, “नाना, साखर?”

“केशर आहे यात. केशरात काय असतं? क्रोसिन!”

काकूंनी वाढप्याला हाक मारली, “अहो, इकडे अजून वाढा. यांना ताप आलाय.”