यादीतला तिसरा पक्ष

लग्नाच्या यादीला आपल्याकडे दोन पक्ष बसतात, मुलाकडचे आणि मुलीकडचे. मुलगा ब्रिटनचा नागरिक असला की सतरंजीवर तिसऱ्यालाही जागा करून द्यावी लागते. हा तिसरा म्हणजे तिथलं गृहखातं, लंडनकरांच्या तोंडचं ‘होम ऑफिस’. बिचारं पंक्तीत रुसत नाही, मुलीच्या मामांना कोपऱ्यात घेऊन कुजबुजत नाही. आपला मानपान किती, ते उघड छापून मोकळं होतं. हुंड्यावर आपल्याकडे 1961 पासून कायद्याने बंदी आहे. पण कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दोनच पक्ष होते.

दरपत्रक वाचून घ्या. एप्रिल 2025 च्या दराने नवरीचा व्हिसा 1,938 पौंडांना. त्यावर तिथल्या सरकारी दवाखान्यांसाठीचा आरोग्य अधिभार वर्षाला 1,035 पौंड. व्हिसा 33 महिन्यांचा, पण अधिभार पूर्ण तीन वर्षांचा: 3,105 पौंड, एकरकमी आणि आगाऊ. नोकरी लागली की हीच नवरी कर भरणार आणि त्या करावर तेच दवाखाने चालणार, पण तो हिशेब यादीत धरत नाहीत. मग मुदतवाढ: फी 1,321, अधिभार 2,587 पौंड 50 पेन्स. पाच वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज: 3,029. सगळं मिळून 11,980 पौंड 50 पेन्स, म्हणजे चौदा लाख रुपयांच्या आसपास. क्षयरोगाची तपासणी, इंग्रजीच्या परीक्षा आणि वकील यांचं वेगळं. व्हिसा नाकारला तर अधिभार परत मिळतो. अर्जाची फी मात्र गेली ती गेली. नकारालाही मेहनत लागतेच की.

पुढचा मुद्दा मुलाच्या ऐपतीचा. आपल्याकडे ती मुलीचा बाप बघतो, तिथे सरकार बघतं. 11 एप्रिल 2024 पर्यंत वर्षाला 18,600 पौंड कमावणारा मुलगा बायको आणायच्या लायकीचा होता. त्या दिवसापासून 29,000 लागतात. तेवढा पगार नसेल तर 88,500 पौंड सहा महिने बँकेत पडून असलेले दाखवायचे. इतके पौंड ज्याच्याकडे नुसते पडून असतात, त्याला पगाराची चिंता का असावी, हे विचारू नये. मुलगी हिंजवडीत टीम लीड असली तरी तिचा इथला पगार शून्य धरतात.

आता इंग्रजी. 2010 च्या नोव्हेंबरपासून नवरा किंवा बायको म्हणून जाणाऱ्याला निघण्याआधीच इंग्रजी यावं लागतं. पाण्यात पडलं की पोहता येतं, ही आपली म्हण तिकडे पोचलेली नाही. पहिली पातळी ‘ए-वन’. बोलण्या-ऐकण्याची परीक्षा सोळा ते अठरा मिनिटांची. समोर परीक्षक, शेजारी दुसरा उमेदवार. समजा, एक मुलगी साताऱ्याची, दुसरी सांगलीची. बाहेरच्या बाकावर दोघींनी एकमेकींच्या सासरची खडान्‌खडा माहिती काढलेली. आत गेल्यावर साहेब नावाचं स्पेलिंग विचारतो. पहिलीचं नाव ज्ञानेश्वरी. ती ‘डी, एन, वाय’ अशी सुरुवात करते आणि साहेबाचं पेन थबकतं. मग दोघींनी अनोळखी असल्यासारखं आपसात बोलायचं.

“व्हॉट डू यू ईट इन मॉर्निंग?”

“आय ईट पोहे. अँड यू?”

“आय ऑल्सो पोहे.”

ब्रिटिश समाजात मिसळायला इतकं पुरतं. पण मुदतवाढीला एक पायरी वर चढायची, कायम वास्तव्याला आणखी एक, आणि प्रत्येक पायरीच्या परीक्षेची फी वेगळी.

अमेरिका, जमैका, माल्टा या देशांच्या नागरिकांना ही परीक्षा माफ आहे. भारत त्या यादीत नाही. इंग्रजीतून पदवी घेतली असेल तर सुटका होते, पण पदवी खरीच इंग्रजीतून होती आणि तिकडच्या पदवीच्या तोलाची होती, असा दाखला ब्रिटनमधल्या संस्थेकडून विकत आणावा लागतो. मुंबई विद्यापीठ 1857 साली इंग्रजांनीच काढलं. तिथे इंग्रजीतून शिकवतात का, याची चौकशी तेच आता पैसे घेऊन करतात.

कायम वास्तव्याआधी ‘लाइफ इन द यूके’ ही आणखी एक परीक्षा असते: 24 प्रश्न, 45 मिनिटं, फी 50 पौंड. तिच्या पुस्तकात आठव्या हेन्रीच्या सहा बायका पाठ करायच्या असतात. चौथी, ॲन ऑफ क्लीव्ह्ज, जर्मन मुलखातून आली आणि 1540 च्या जानेवारीत राणी झाली, तेव्हा तिला इंग्रजी येत नव्हतं. सहा महिन्यांत लग्न मोडलं. पण इंग्रजी येत नाही म्हणून तिला कुणी बंदरावरून परत पाठवलं नव्हतं. आज ती ‘ए-वन’मध्ये नापास झाली असती आणि पुस्तकात पाचच बायका उरल्या असत्या.

साहेब लोकही आपली भाषा शिकलेच की, असं कुणी म्हणेल. खरं आहे. कंपनीच्या राज्यात गोऱ्या अधिकाऱ्यांना देशी भाषांच्या परीक्षा होत्या, मराठीचीही होती. पास झाल्यावर त्यांना मुनशी भत्ता मिळे आणि तो रयतेच्या वसुलातून निघे. साहेब मराठी शिकला तेव्हा पैसे आपले, सूनबाई इंग्रजी शिकते तेव्हाही आपलेच.

राहता राहिली मुलाची आई. सुनेच्या बाळंतपणाला ती डिंकाचे लाडू घेऊन जाते, तेव्हा एप्रिल 2025 च्याच दराने 127 पौंडांत सहा महिन्यांचा व्हिसा मिळतो. कागदोपत्री ती पर्यटक. इंग्रजीचा ओ की ठो येत नसला तरी चालतं. पुढे तिचे गुडघे जातात, ती अंथरूण धरते आणि मुलाला वाटतं, आता आईला कायमचं आणावं. त्यासाठी 2012 चा नियम आहे. फी त्याच दराने 3,413 पौंड. आंघोळ-जेवणासारखी रोजची कामं तिला एकटीला जमत नाहीत, आणि मुलाने पैसे पाठवूनही भारतात तिची नीट देखभाल होऊ शकत नाही, हे सिद्ध करायचं. हात चालत होते तोवर पर्यटक, हात थकले की पुराव्याचा प्रश्न.

या अर्जाला इंग्रजीची अट मात्र नाही. दारच उघडायचं नसेल तर बाहेर उभं असलेल्याचं इंग्रजी कशाला तपासायचं?