मैदानाची सुधारणा आणि आमची हद्दपारी

तक्रार मुळापासून सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढ्याशा जाळीवरून हा माणूस इतका का पेटला? चहा घ्या, सांगतो.

आमच्या घरामागे सार्वजनिक मैदान आहे. विकास आराखड्यात त्यावर खेळाच्या मैदानाचं आरक्षण आहे. म्हणजे ते माझं, तुमचं आणि ज्या पोराला तिथे सायकल शिकायची आहे त्याचंही. तिथे एक क्लब मुलांना क्रिकेट शिकवतो. क्लबाशी माझं वैर नाही. उजाडताना पांढऱ्या कपड्यांतली पोरं पाठीवर भली थोरली किटबॅग घेऊन येताना दिसली की बरंच वाटतं. पूर्वी हा क्लब बांबू रोवायचा, जाळी ताणायचा, मॅट अंथरायचा आणि ऊन चढलं की सगळं गुंडाळून टेम्पोत घालायचा. संध्याकाळी त्याच जागेवर टेनिस बॉलवाले, त्यांच्या कडेकडेनं फिरणारे आम्ही आणि पलीकडे गवतावर बसलेल्या आजीबाई. कुणालाही कुणाची परवानगी लागत नव्हती.

मग प्रशिक्षण सुविधांचा दर्जा उंचावायचं ठरलं.

बांबू गेले, लोखंडी खांब आले. इथेच घात झाला, कारण बांबू संध्याकाळी उपटता येतो आणि खांबाला सिमेंटचा पाया लागतो. तो पाया येऊन बघा एकदा. जमिनीच्या वर दोन बोटं आलेला चौकोनी ठोकळा, त्यातून डोकं काढलेले चार बोल्ट, आणि ते नेमके फिरणाऱ्याच्या अंगठ्याच्या उंचीवर. खांब पक्के झाले म्हणून मॅट जाऊन सिमेंटची पट्टी आली, पट्टीवर हिरवं कृत्रिम गवत चिकटवलं. गवत महागाचं, म्हणून त्यावर कुणी चपला घालून चालू नये. चालू नये म्हणून चारही बाजूंनी जाळी. जाळीला दार. दार आधी निळ्या नायलॉनच्या दोरीनं बांधलेलं असायचं, आता त्याला कुलूप आहे. बॉलिंग मशीन ठेवायला पत्र्याची खोली उभी राहिली. वॉर्ड ऑफिसात विचारलं तर ती तात्पुरती आहे म्हणाले. त्या तात्पुरत्या खोलीत लादी बसली, पंखा लागला. आणि शेवटी पाटी आली : ‘परवानगीशिवाय आत प्रवेश नाही. हुकमावरून.’ कुणाच्या हुकमावरून, हे पाटीवर नाही आणि वॉर्ड ऑफिसातल्या फायलीतही मला सापडलं नाही.

माझी संध्याकाळची फेरी पूर्वी मैदानाच्या कडेनं सलग होत असे. आता खोलीला वळसा घालून मागच्या गटाराच्या कडेनं जावं लागतं. पण माझं एक वेळ सोडा. संध्याकाळी पाच वाजता त्या जाळीत एकही माणूस नसतो. कृत्रिम गवत उन्हात तापत पडलेलं असतं, आणि बाहेर उरलेल्या कोपऱ्यात पंधरा-वीस पोरं एकमेकांच्या पायांत येत तीन वेगवेगळे सामने खेळत असतात. बॉल जाळीत गेला तर तो उद्या सकाळी मिळतो. हा अन्याय आहे आणि मी तो अन्यायच म्हणणार.

बरं, ही लढाई मुंबईला नवीन नाही. इंग्रजांच्या काळात एस्प्लनेडच्या मैदानावर हिंदी पोरं क्रिकेट खेळायची. गोऱ्या साहेबांनी आपल्या जिमखान्याची हिरवळ स्वतःसाठी राखली आणि पोलोचे घोडे मात्र या पोरांच्या मैदानावर उधळले. टापांनी खेळपट्टी उखडायची. १८८१ साली क्रिकेटवाल्यांनी सरकारकडे अर्ज केला, आणि पारशी, हिंदू, मुसलमान सगळे त्यात एकत्र होते. हा झगडा पुढे किती वर्षं चालला ते शापूरजी सोराबजी यांनी १८९७ साली पुस्तकच लिहून नोंदवलं. सामायिक जागेवर मूठभरांच्या खेळासाठी बाकीच्यांनी सरकून घ्यायचं, हीच तेव्हाही तक्रार होती. फरक एवढाच की घोडे संध्याकाळी तबेल्यात परत जायचे. सिमेंट जात नाही.

आणि कुणी असं सांगू नये की पक्क्या बांधकामाशिवाय खेळाडू घडत नाहीत. दादरचं शिवाजी पार्क १९२५ साली लोकांसाठी खुलं झालं, अवंतिकाबाई गोखल्यांच्या आग्रहानं १९२७ साली त्याला महाराजांचं नाव मिळालं. त्याच मातीत रमाकांत आचरेकर सरांनी तेंडुलकरला घडवलं. स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचं, बाद करील त्याचं, नाहीतर फलंदाजाचं. एवढ्या सामग्रीला ना लादी लागते ना पंखा. आझाद मैदानावर बावीस खेळपट्ट्या एकमेकींना खेटून आहेत, एका सामन्याचा फिल्डर दुसऱ्या सामन्याच्या पंचाशेजारी उभा असतो. परक्या सामन्याचा बॉल पायाशी आला तर तो उचलून परत फेकायचा, हा तिथला कायदा कुणी लिहिलेला नाही आणि कुणी मोडतही नाही. तेंडुलकर आणि कांबळीची १९८८ ची ६६४ धावांची भागीदारी याच मैदानावरची. माणसांनी वेळ वाटून घेतली की जागा पुरते. कुलूप लावलं की कितीही मोठी जागा अपुरी पडते, आणि आपल्याकडे मुळातच ती किती आहे? केंद्राच्या मार्गदर्शक सूचना माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा सांगतात. मुंबईकराच्या वाट्याला त्यातली दोनही येत नाही. त्या दोनातली मी गटाराकडेची पट्टी का स्वीकारायची?

तुम्ही म्हणाल, क्लब देखभाल तरी करतो ना. करतो, जाळीच्या आत. २०१६ च्या जानेवारीत महापालिकेनं मोकळ्या जागा संस्थांना सांभाळायला द्यायचं धोरण मंजूर केलं होतं, तेव्हा लोकांनी एवढी ओरड केली की मुख्यमंत्र्यांना स्थगिती द्यावी लागली. लोक उगाच ओरडले नव्हते. सांभाळायला दिलेल्या जागेला हळूहळू फाटक येतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मला क्लब घालवायचा नाही. पोरांना चांगली खेळपट्टी मिळालीच पाहिजे. माझ्या मागण्या साध्या आहेत आणि त्या मी लेखी दिल्या आहेत. खांब जमिनीतल्या नळीत बसवावेत, सराव संपला की काढून घ्यावेत आणि नळीवर झाकण लावावं. मॅट अंथरावी, गुंडाळावी. पाटीवर हुकूम लिहिण्याऐवजी सरावाची वेळ लिहावी, बाकीचा वेळ दार उघडं. आणि ती तात्पुरती खोली तात्पुरती असल्याचं एकदा हलवून दाखवावं.

तुमच्याही घराजवळ असं एखादं मैदान असेल. तिथे खांबासाठी पहिला खड्डा खणताना दिसला की त्याच दिवशी अर्ज द्या, सिमेंट सुकायची वाट बघू नका. आणि अर्जाची पोच शिक्क्यासकट घ्या.